किडनी बदलली, हृदय तेच

पर्वतीच्या पायथ्याशी माझ्या मामांच्या घरी रात्री नऊचा गजर वाजला की गप्पा थांबतात. आधी दंडाला बीपीचा पट्टा, आकडा वहीत, मग नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमसची कॅप्सूल. किडनी बदलून सात वर्षं झाली, डायलिसिस सुटलं, मग बीपीची एवढी काळजी कशाला, असं येणारा-जाणारा विचारतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक यांची किडनी त्यांच्या जुळ्या भावाला बसवली. दोघे एकसारखे जुळे, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. इतरांसाठी मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं शोधावी लागली: साठच्या दशकात अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, पुढे टॅक्रोलिमस. भारतात वेल्लोरला १९७१ साली प्रत्यारोपण यशस्वी झालं. साऱ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, शरीराने किडनी नाकारू नये. ते योग्यच होतं. नाहीतर माणूसच हाती लागला नसता.

पण त्याच गोळ्यांची झळ हृदयाला बसते. स्टेरॉइडने वजन आणि साखर वाढते, सायक्लोस्पोरिनने बीपी आणि कोलेस्टेरॉल. टॅक्रोलिमसने मधुमेह जडू शकतो. शिवाय दुखणं त्याआधीचंच असतं. किडनी निकामी होत असताना वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या धमन्या लवकर खराब होतात, हे सिएटलच्या डॉक्टरांनी १९७४ सालीच मांडलं होतं. नवी किडनी हा धोका कमी करते, पुसून टाकत नाही. बसवलेली किडनी नीट चालू असताना दगावणाऱ्यांत हृदयविकार हे आजही मोठं कारण आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीची मोठी चाचणी हाती यायला मात्र २००३ साल उजाडलं. २,१०२ रुग्णांच्या 'अलर्ट' अभ्यासात फ्लुवास्टॅटिनने एकूण हृदयविकारात ठाम फरक दिसला नाही. हृदयविकाराचे मृत्यू आणि हार्ट अटॅक मिळून मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटले.

दोन वर्षांपूर्वी मामांना पर्वतीच्या पायऱ्यांवर दम लागला. "क्रिएटिनिन छान आहे, म्हणजे किडनी नीट चालतेय, काळजी नको," म्हणून एका दवाखान्याने परत पाठवलं. मामींना ते पटलं नाही. दुसरीकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, मग अँजिओग्राफी. तिच्यासाठी रक्तवाहिनीत सोडायचा रंग (डाय) किडनीला सोसेल ना, ही धाकधूक वेगळीच. शेवटी स्टेंट बसला. नऊच्या गजराला बीपीचा पट्टा जोडला गेला तो तेव्हापासून.