शिक्षा लागली तर अपील कसं करायचं? पुणेकरांसाठी माहिती

शिवाजीनगर कोर्टात निकाल लागला की घरच्यांचा पहिला प्रश्न एकच: आजच आत टाकणार का? आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतचीच असेल, तर 'अपील करायचंय' असं सांगून त्याच कोर्टात, त्याच दिवशी शिक्षा स्थगितीचा अर्ज देता येतो. म्हणून वकिलांनी अर्ज तयार ठेवावा आणि जामीनदाराने कागदपत्रांसह कोर्टातच थांबावं. संध्याकाळी पाचला जामीनदार शोधत फिरलात, तर ती रात्र येरवड्यातच. ही स्थगितीही अपील दाखल करण्यापुरतीच असते. पुढची स्थगिती अपील कोर्टाकडून मिळवावी लागते.

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर अपील सेशन्स कोर्टात, 30 दिवसांत. सेशन्स कोर्टाने दिली असेल तर उच्च न्यायालयात, 60 दिवसांत. फाशी असेल तर 30. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (तिथलं खंडपीठ) ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपल्याला मुंबईच गाठावी लागते.

कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळते. नक्कल विभागातून प्रमाणित प्रत घेतलीत तर तिच्यावरचा शिक्का नीट बघा: अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली. तेवढे दिवस मुदतीतून वजा होतात. तरीही उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज कारणासह जोडायचा.

बाकी कागद म्हणजे अपील मेमो (अपिलाची कारणं मांडणारा अर्ज), वकीलपत्र, स्थगिती व जामिनाचा अर्ज, दंड भरल्याची पावती. माणूस आत असेल तर वकीलपत्रावर सही तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत होते. अपीलही तुरुंगातून पाठवता येतं. कैद्याला आणि कुठल्याही महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा.

गुन्हा कबूल केला असेल तर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच. अपील केल्याने शिक्षा वाढेल ही भीती मात्र उगाच. आरोपीच्या अपिलात ती वाढवत नाहीत.

चेक बाउन्सवाल्यांनी पैशांची सोय आधीच बघावी. अपील कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम 60 दिवसांत भरायला सांगू शकतं.