ह्या महिन्याचा विषय काय? फोटो चॅलेंजमागची जुनी गोष्ट

आमच्या फोटोवाल्या ग्रुपमध्ये एक तारखेला विषय जाहीर होतो. ह्या महिन्यात "उंबरठा" आलाय. पहिले दोन दिवस डोक्यात काहीच येत नाही आणि तिसऱ्या दिवसापासून जिकडे बघावं तिकडे उंबरठेच दिसायला लागतात, आजोळच्या घराचा मधोमध झिजलेला, गिरणीचा पिठाने पांढरा झालेला, समोरच्या काकूंचा रोज सकाळी रांगोळीची दोन बोटं ओढलेला. एरवी मी ह्या सगळ्यावरून वर्षानुवर्षं पाय टाकून गेलेय, बघितलं कधीच नव्हतं.

ग्रुपमध्ये नवीन आलेल्या दोघा-तिघांनी विचारलं की हे चॅलेंज प्रकरण इन्स्टाग्रामवरूनच आलं ना? नाही. इन्स्टाग्राम २०१० चं. "विषय ठरवा, मुदत द्या, मग एकमेकांचे फोटो बघा" ही कल्पना तुकड्यातुकड्याने त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून जमत आलीय, आणि त्यातला एक तुकडा आपल्या मुंबईतलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात करायची तर १८३९ पासून. त्या वर्षी १९ ऑगस्टला पॅरिसमध्ये डॅगेरोटाइपची पद्धत जगासमोर मांडली गेली, आज आपण तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून धरतो. पण डॅगेरोटाइप म्हणजे चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरचं एकच एक चित्र, त्याची दुसरी प्रत निघत नाही, मग ते कोणाला देणार कसं? देवाणघेवाण व्हायची तर निगेटिव्ह हवी, म्हणजे उजेड-सावली उलटी असलेलं मूळ चित्र, ज्यावरून प्रती काढता येतात. ती सोय इंग्लंडात हेन्री टॅल्बट नावाच्या संशोधकाने कागदावर केली आणि १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची कोलोडियनची पद्धत आली, काचेवर निगेटिव्ह आणि त्यावरून कागदावर हव्या तेवढ्या प्रिंट. माझ्या मते आपल्या सगळ्या चॅलेंजचं मूळ इथे आहे, कारण आता स्वतःकडे निगेटिव्ह ठेवून मित्राला प्रिंट पाठवता येऊ लागली.

आणि लोकांनी लगेच पाठवायला सुरुवात केली! १८५३ मध्ये लंडनची फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि त्यातल्याच हौशी मंडळींनी १८५५ मध्ये एक एक्स्चेंज क्लब चालवला. प्रत्येकाने आपल्या प्रिंट बाकीच्यांना द्यायच्या आणि बाकीच्यांच्या घ्यायच्या. त्यांचे १८५५ आणि १८५७ चे आल्बम आजही जपलेले आहेत, आणि त्यात फोटोसोबत कुठली पद्धत, कुठली लेन्स अशी तांत्रिक माहिती लिहिलेली असते हे वाचून मला अगदी घरचं वाटलं, कारण आपणही फोटोखाली तेच टाकतो ना, अमुक लेन्स, अमुक शटर स्पीड. अमेरिकेत १८६१ मध्ये असाच क्लब झाला, त्यात दर दोन महिन्यांनी प्रत्येक सभासदाने बाकी प्रत्येकाला निदान एक तरी स्टिरिओ प्रिंट (एकाच दृश्याची शेजारी-शेजारी दोन चित्रं, भिंगातून बघितली की खोली दिसते) पाठवायची असा नियमच होता. म्हणजे मुदत आली, बंधन आलं, पण विषय अजून आलेला नाही. ज्याला जे काढावंसं वाटेल ते.

मुंबईची गोष्ट ह्याच काळातली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, म्हणजे लंडनच्या सोसायटीनंतर जेमतेम वर्षभराने, आणि कलकत्ता, मद्रासच्या सोसायट्या १८५६ च्या. पहिले अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार. पण सभासदांत फक्त गोरे साहेब नव्हते, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. भाऊ दाजींचं नाव आपल्याला राणीच्या बागेतल्या म्युझियममुळे माहीत असतं, नारायण दाजी मात्र सहसा कोणाला आठवत नाहीत, खरं तर ते स्वतः उत्तम फोटो काढायचे आणि सोसायटीच्या कार्यकारिणीवरही होते. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, हे मुंबईच्या उकाड्यात आणि घामात कसं केलं असेल देव जाणे. १८५६ च्या अखेरीपासून १८५८ पर्यंत इथूनच विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी फोटोग्राफरांचा आल्बम दर महिन्याला काढला, असे २४ अंक, प्रत्येक अंकात तीन अस्सल प्रिंट चिकटवलेल्या. दर महिन्याला लोकांसमोर फोटो ठेवायचे ही आपली सवय मुंबईला इतकी जुनी आहे.

आता विषय कुठून आला? विषय आला स्पर्धांमधून, आणि स्पर्धा वाढल्या कारण १८८० च्या आसपास तयार ड्राय प्लेट, म्हणजे रसायन आधीच लावून वाळवलेल्या काचा, मिळायला लागल्या. जागेवर रसायन ओतायची कटकट संपली, त्यामुळे सुट्टीवर जाताना कॅमेरा नेता यायला लागला. इंग्लंडात १८८४ मध्ये अॅमॅच्युअर फोटोग्राफर नावाचं साप्ताहिक निघालं आणि त्यांनी वाचकांसाठी विषय देऊन स्पर्धा लावल्या. १८८७ ची त्यांची सुट्टीतल्या फोटोंची स्पर्धा मला फार आवडते, कारण तिचा पहिला नंबर मिळाला बर्लिनमध्ये शिकणाऱ्या तेविशीतल्या एका अमेरिकन मुलाला, इटलीतल्या बेलाजिओ गावात हसणाऱ्या पोरांच्या फोटोबद्दल. तो मुलगा म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ, ज्याने पुढे फोटोग्राफी ही कला आहे हे अमेरिकेला पटवण्यात आयुष्य घातलं. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन, त्यांना मुद्दाम बसवून काढलेले फोटो आवडायचे नाहीत. विषय साधा, "सुट्टी". तरी त्यातून स्टिग्लिट्झसारखा माणूस पुढे आला. कोणी "विषय फारच सोपाय, कायतरी भारी द्या" म्हणालं की मी हेच उदाहरण देते.

मग १८८८ मध्ये कोडॅक. शंभर फोटोंचा रोल आत भरूनच कॅमेरा विकायचा आणि संपला की अख्खा कॅमेरा कंपनीला परत पाठवायचा. ह्यानंतर फोटो काढणारे प्रचंड वाढले, क्लबही वाढले. आपल्याकडे १९३२ मध्ये मुंबईत कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स, १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया, आणि १९५३ मध्ये देशभरच्या क्लबांचं फेडरेशन. क्लबमध्ये ठरलेल्या विषयावर प्रिंट आणायची, ती सगळ्यांसमोर स्टँडवर लावायची, परीक्षक उभं राहून बोलणार की इथे आकाश जळलंय (अगदी पांढरंफटक पडलंय), इथे डावीकडचं झाड काढायला हवं होतं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांच्याकडून ऐकलंय की त्या दहा मिनिटांत जे शिकायला मिळायचं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण क्लब होते मोठ्या शहरांत, प्रिंट स्वतः डार्करूममध्ये करायची किंवा पैसे मोजून करून घ्यायची, आणि बायका त्यात अगदी थोड्या.

आमच्या घरी रोल म्हणजे ३६ फोटो. गणपतीला दोन, दिवाळीला चार, मामेभावाच्या मुंजीला दहा, असा तो रोल आठ-आठ महिने कॅमेऱ्यात असायचा आणि मग धुवायला जायचा, त्यातले चार-पाच हललेले निघायचे आणि बाबा दिवसभर गप्प. अशा घरात उंबरठ्याचा फोटो काढायला कोणाची छाती झाली असती? प्रत्येक फ्रेम माणसांसाठी राखलेली होती. म्हणून मला वाटतं की फोटो जसजसा स्वस्त झाला तसतशी विषयाची गरज वाढत गेली. फ्रेम मोजून मिळतात तेव्हा काय काढायचं हे परिस्थितीच ठरवते, हजार फोटो फुकट निघायला लागले की माणूस गोंधळतो आणि त्याला कोणीतरी "ह्या आठवड्यात फक्त हे बघ" असं सांगावं लागतं.

इंटरनेटवरची गोष्ट इथूनच सुरू होते. १९९९ मध्ये हेदर चॅम्प यांनी मिरर प्रोजेक्ट सुरू केला, विषय एकच आणि कायमचा: आरसा, काच, चमचा, पाण्याचं डबकं, ज्यात तुम्ही दिसता त्यात स्वतःचा फोटो काढून पाठवा. जगभरातून लोकांनी पाठवले. स्पर्धा नाही, नंबर नाही, १८५५ च्या एक्स्चेंज क्लबचाच स्वभाव. हेदर चॅम्प पुढे फ्लिकर ह्या फोटो टाकायच्या साइटवर तिथल्या लोकांची काळजी घ्यायचं काम करायला गेल्या हे काही उगीच झालं नाही.

त्याच्या उलट टोकाला २००२ ची डीपी चॅलेंज ही वेबसाइट. इथे चोख स्पर्धा: ठरावीक दिवसांची मुदत, मतदान संपेपर्यंत फोटो कोणाचा ते कळत नाही, सभासद एक ते दहा मार्क देतात आणि पहिल्या तिघांना रिबीन. आणि फोटो मुदतीतच काढलेला हवा, जुन्या फोल्डरमधला चालत नाही. हे तपासता आलं ते एक्झिफमुळे. डिजिटल कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, लेन्स, शटर हे सगळं लिहून ठेवतो, ते मानक जपानमध्ये १९९५ साली ठरलं. कॅमेरे स्वस्त झालेच होते, २००३ मध्ये कॅननचा ३०० डी आला तेव्हा अमेरिकेत डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) पहिल्यांदा हजार डॉलरच्या खाली उतरला, पण माझ्या दृष्टीने एक्झिफचं काम जास्त मोठं आहे, कारण त्याने अनोळखी लोकांना एकमेकांवर विश्वास ठेवता आला. चॅलेंज म्हणजे "हा फोटो मी ह्या विषयासाठी बाहेर पडून काढला", आणि तेच सिद्ध करता यायला लागलं.

२००४ च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरमधून फ्लिकर आलं आणि मग ग्रुपांचं पीकच आलं. चौकोनात नेमका मावणारा गोल एवढ्या एका विषयाचा ग्रुप, रोज स्वतःचा एक फोटो वर्षभर टाकायचा ३६५ दिवसांचा ग्रुप, यूटाटा ह्या ग्रुपचं आयर्न फोटोग्राफर, ज्यात सांगितलेल्या तीन गोष्टी एकाच फोटोत आल्याच पाहिजेत. आणि मॅक्रो मंडेज, जे अजून चालू आहे. दर सोमवारी एक विषय, आणि फ्रेममध्ये दिसणारी जागा तीन इंचांपेक्षा मोठी नको. ह्या तीन इंचांच्या नियमाने मला पहिल्यांदा स्वयंपाकघर दाखवलं. मोहरीचा दाणा, तव्याची जळकी कड, कढीपत्त्याची शीर. प्रवासाला जाता येत नाही म्हणून फोटो काढता येत नाहीत अशी माझी जी समजूत होती ती तिथे संपली.

मराठीत ह्याला आपण आपलं रूप दिलं, आणि ह्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मायबोली ही मराठी वेबसाइट १९९६ ची, आणि तिच्या गणेशोत्सवात प्रकाशचित्रांचा झब्बू रंगतो. झब्बू म्हणजे आपल्या पत्त्यांच्या डावातला, एकाने पान टाकलं की दुसऱ्याने त्यावर. तसंच इथे विषय द्यायचा आणि एकाच्या "प्रचि"वर (म्हणजे प्रकाशचित्रावर) दुसऱ्याचं प्रचि पडायचं. नंबर कशाला हवाय? कोणी कोकणातला, कोणी कॅलिफोर्नियातला, आणि मधे गणपतीचे दहा दिवस. आपल्या माणसांसोबत डाव मांडून बसल्याचा आनंद आहे तो, "चॅलेंज" ह्या शब्दात तो येत नाही.

मग फोन. इन्स्टाग्रामने स्वतः शुक्रवारी विषय देऊन वीकेंड हॅशटॅग प्रोजेक्ट चालवला. पण त्याहून महत्त्वाचं मला सिडनीच्या शँटेल एलम यांचं वाटतं, त्यांनी २०१२ च्या जानेवारीत महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक शब्द अशी यादी द्यायला सुरुवात केली. हात. अनोळखी माणूस. सकाळचे दहा. रात्रीचं जेवण. घरात लहान मूल असलेल्या बाईलाही जमतील असे शब्द, कॅमेरा कुठला हे कोणी विचारत नाही. क्लबांच्या शंभर वर्षांत ज्या बाजूला राहिल्या त्या बायका इथे मोठ्या संख्येने आल्या.

आणखी एक फांदी आहे ती विकिपीडियाची. नेदरलँड्समध्ये २०१० च्या सप्टेंबरमध्ये विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स हे वास्तूंच्या फोटोंच्या स्पर्धेचं प्रकरण सुरू झालं, कारण डच विकिपीडियावर तिथल्या संरक्षित वास्तूंच्या याद्या होत्या पण फोटोच नव्हते. साडेबारा हजार फोटो जमले. २०११ मध्ये ते युरोपभर पसरलं आणि १,६८,२०८ फोटो आले, गिनीज बुकात जगातली सगळ्यात मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून नोंद झाली. २०१२ मध्ये भारत आला, आणि त्याच वर्षी जगातला पहिला नंबर दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोला मिळाला. इथे फोटो मुक्त परवान्याखाली द्यावा लागतो, म्हणजे तो कोणीही वापरू शकतो. आपल्या गावच्या लेण्याचा, किल्ल्याचा फोटो लेखात नसेल तर तो आपणच जाऊन काढायचा, ह्यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही.

ग्रुपमध्ये सध्या वाद चाललाय की जुने फोटो चालवायचे का. झब्बूत जुनं पान चालतं, डीपी चॅलेंजमध्ये नाही, दोन्हीकडे इतिहास आहे. माझं मत नव्याच्या बाजूने आहे, पण ज्यांना गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी सूट असावी, आणि तसं मी तिथे लिहिलंय. उद्या गिरणी साडेसातला उघडते. गिरणीवाल्या दादांना विचारून ठेवलंय, पहिला डबा यायच्या आत उंबरठ्यावर ऊन येतं म्हणाले.