जुन्या ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचा पुनर्वापर

बंद पडलेल्या किंवा काढून टाकलेल्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीची डीसी करणारा डायोडांचा संच) आणि मोठे कंडेन्सर घेऊन त्यावर कमी व्होल्टेजचा प्रीॲम्प (बारीक सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) किंवा छोटा ॲम्प्लिफायर चालवण्याची हौशी कारागिरांची पद्धत. सांगली-मिरजेत अशा खोक्यांची वाण नाही. गणेशोत्सवातली डॉल्बी, मांडववाल्यांचे भोंगे, भजनी मंडळांचे संच यांतून जुनी झालेली यंत्रे शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर जातात आणि तिथे ट्रान्सफॉर्मरची किंमत तांब्याच्या वजनावर ठरते. तेवढ्यात फोडला नाही, तर खोक्यातला सर्वांत टिकाऊ भाग तोच.

अडचण येते ती व्होल्टेजची. ३५-०-३५ व्होल्टच्या (मधल्या टोकाच्या दोन्हीकडे ३५) सेकंडरीतून, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या गुंडाळीतून, ब्रिज आणि कंडेन्सरनंतर अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजूंना सुमारे ४८ व्होल्ट डीसी मिळते. प्रीॲम्पमधल्या ऑप-ॲम्प या आयसीला १२ ते १५ पुरतात. स्थिर १५ व्होल्ट देणाऱ्या ७८१५ या रेग्युलेटरची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट असल्याने तो थेट जोडता येत नाही. प्रीॲम्पसाठी मात्र सोपी वाट आहे: प्रत्येक बाजूला १.१ किलोओहमचा रेझिस्टर आणि १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरणारा डायोड). उरलेले ३३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, ३० मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे जेमतेम एक वॅट उष्णता. रेझिस्टर दोन वॅटचा घ्यावा. मिरजेच्या तानपुऱ्याला (सतार आणि तानपुरा या दोहोंना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) पिकअप लावून प्रीॲम्प करणाऱ्याला एवढे पुरते. छोट्या पॉवर ॲम्प्लिफायरला हा उपाय लावू नये. तिथे रेझिस्टरची शेगडी होते.

पॉवर ॲम्प्लिफायरसाठी सप्लाय पाहून आयसी निवडणे शहाणपणाचे, पण बहुतेक जण आयसी आधी आणतात. १८-०-१८ वर सुमारे ±२४ व्होल्ट मिळतात. एलएम १८७५ या ॲम्प्लिफायर आयसीला ते चालतात, टीडीए २०३० ला नाहीत, कारण त्याची मर्यादा ±१८ आहे. त्याला १२-०-१२ हवा, आणि तोही काठावरच: रात्री शेतीपंप बंद होऊन लाइन २५० व्होल्टला चढली आणि ॲम्प्लिफायर नुसता चालू ठेवला, तर डीसी १८ ओलांडू शकते.

गोल, म्हणजे टोरॉइड ट्रान्सफॉर्मर असेल तर सेकंडरीचे वेढे कमी करता येतात, कारण ती सहसा बाहेरच्या थरात असते. बाहेरून पातळ इन्सुलेटेड वायरचे १० वेढे घालून एसी मोजावे. अडीच व्होल्ट आले, तर एका व्होल्टला चार वेढे पडले. ३५ चे १८ करायला प्रत्येक अर्ध्यातून ६८ वेढे काढावे लागतात, आणि मोजणी दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवी. पत्र्यांच्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरवर हा खटाटोप करण्यापेक्षा तो बदलून खोके, हीट सिंक आणि ब्रिज तेवढे ठेवावेत.

कंडेन्सर आधी रिकामे करावेत. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० व्होल्टवर साडेबारा जूल ऊर्जा धरून असतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय सर्रास दिसते. ठिणगी उडते, टोक वितळते. त्याऐवजी १०० ओहमचा १० वॅटी रेझिस्टर सहा सेकंद टेकवावा आणि मीटरने खात्री करावी. टोपी फुगलेला किंवा बुडाशी चिकट द्रव सुटलेला कंडेन्सर सरळ फेकावा.

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात भिजलेली यंत्रे अजूनही विकायला येतात. अशा ट्रान्सफॉर्मरला आठवडाभर वाळवून प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी)-सेकंडरी आणि प्रायमरी-पत्रा यांमधले इन्सुलेशन मेगरने (ते मोजणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या मीटरने) तपासल्याशिवाय हात लावू नये. नंतरही पहिली वीज प्रायमरीच्या वाटेत जोडलेल्या ६० वॅटच्या सिरीज बल्बमधूनच द्यावी, सेकंडरीला काही न जोडता. बल्ब क्षणभर उजळून विझत आला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला, तर आत वेढे शॉर्ट आहेत आणि तो ट्रान्सफॉर्मर खरोखरच काट्यावर जायच्या लायकीचा.