वन पंचायत (उत्तराखंड)

उत्तराखंडातील कुमाऊँ व गढवाल या डोंगराळ प्रदेशांत गावालगतचे वन राखण्यासाठी व वाढविण्यासाठी गावकऱ्यांनी निवडलेली संस्था. १९३१ च्या नियमांनी तिला कायदेशीर रूप मिळाले. अशा सुमारे १२ हजार पंचायतींकडे पाच लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र असल्याचे सांगितले जाते. मोजणीच्या वर्षानुसार हे आकडे बदलतात, शिवाय नोंदीवरील वनात सगळीकडे झाडी असतेच असे नाही. ही संस्था ग्रामपंचायतीहून वेगळी आहे. ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला तेथे प्रधान म्हणतात, सरपंच असतो तो वन पंचायतीचा.

उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कुमाऊँचा आयुक्त ट्रेल याने १८२३ मध्ये (विक्रम संवत १८८०) गावांच्या हद्दी नोंदविल्या. ‘सन अस्सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हद्दींत शेताबरोबर भोवतालचे कुरण व रानही येई आणि गावकरी त्यावर आपला हक्क मानीत. १७ ऑक्टोबर १८९३ च्या अधिसूचनेने मोजणी न झालेली सर्व जमीन संरक्षित वन ठरली आणि १९११ ते १९१७ या काळात तिच्यापैकी मोठा भाग राखीव झाला. चराई, पाला आणि सरपणावर बंधने आल्याने असंतोष वाढला. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वर येथे उत्तरायणीच्या मेळ्यात वेठबिगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत सोडण्यात आल्या. त्याच उन्हाळ्यात राखीव वनांत मोठे वणवे पेटले. ते प्रामुख्याने व्यापारी महत्त्वाच्या चीड (पाइन) वनांत लागले, गावाच्या उपयोगाची रुंदपर्णी वने बहुधा वाचली, याकडे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लक्ष वेधले आहे. त्यामुळे हे वणवे केवळ निष्काळजीपणाचे मानणे कठीण जाते. आयुक्त विंडहॅम याच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गाऱ्हाणी समितीच्या शिफारशींनुसार व्यापारी दृष्ट्या कमी मोलाची वने महसूल खात्याकडे गेली. सन अस्सीच्या हद्दीतील सर्व रान गावांना परत मिळावे, ही गोविंद वल्लभ पंत यांची मागणी (१९२२) मात्र मान्य झाली नाही.

१९३१ चे नियम वन अधिनियमाखाली झाले नव्हते. त्यांना १८७४ च्या अनुसूचित जिल्हा अधिनियमाचा आधार होता. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘ग्रामवन’ या कलमाशी (कलम २८) त्यांचा सांधा १९७६ च्या नियमांनी जुळविला गेला, म्हणून वन पंचायतीचे वन आणि ग्रामवन यांना आरंभापासून एकच समजणे बरोबर नाही. १९३१ पूर्वीच्या लठ पंचायतींत गावकरी पाळीने किंवा धान्याच्या मोबदल्यावर राखणदार ठेवून रान सांभाळीत. त्यांनाच या संस्थेचे मूळ मानणारा एक पक्ष आहे. अभ्यासक अरुण अग्रवाल यांच्या मते १९३१ ची पंचायत हे शासनाचे नवे साधन असून तिने गावकऱ्यांनाच नियमनात ओढून घेतले. राखणीची रीत जुनी, पण आखीव हद्द, दप्तर आणि दंडाचे अधिकार वसाहतकाळातले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. लठ पंचायतींचा प्रारंभकाळ मात्र निश्चित करता येत नाही.

उजाड उताराच्या पुनरुज्जीवनात पंचायतीचा मुख्य उपाय चराईबंदी व कुऱ्हाडबंदी हाच राहिला आहे. एखादा भाग काही वर्षे बंद ठेवला, की जुन्या खोडांना धुमारे फुटतात. बांज (हिमालयीन ओक) या बाबतीत विशेष चिवट आहे. सुकलेला चाराही मग हंगाम ठरवून कापू दिला जातो. बांजाचा पाला वैरण म्हणून चालतो, पातेरा गोठ्यात अंथरून त्याचे खत होते. त्याच्या रोपांना ओलसर, कुजकटयुक्त माती लागते. अशी माती वाहून गेलेल्या किंवा जळालेल्या उतारावर चीड आधी जम बसवितो. त्याच्या सुया (पिरूल) उन्हाळ्यात आग झपाट्याने पसरवितात आणि बांजाची रोपे पुन्हा मागे पडतात. राखणीबरोबर वणवा आवरणे अटळ ठरते, ते यामुळेच. दरडी कोसळलेल्या ओल्या जागी उतीस (आल्डर वृक्ष) लवकर वाढतो व मातीत नत्र साठवितो. वर बुरांस, काफल ही झाडे बांजाच्या सोबतीने येतात. लागवडीला त्या मानाने दुय्यम स्थान आहे. गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य मंडळाने चंडीप्रसाद भट्ट यांच्या पुढाकाराने भरविलेल्या वृक्षारोपण शिबिरांतून, तसेच पौडी जिल्ह्यातील उफरैंखाल परिसरात शिक्षक सच्चिदानंद भारती यांच्या कामातून ती पुढे आली. उफरैंखालला पाणी अडविण्यासाठी लहान ‘चाल’ (खड्डे) खोदण्यात आले. तेथील महिला घुंगरू बांधलेली काठी घेऊन पाळीने रान राखीत; ज्या घरासमोर काठी ठेवलेली असे, त्या घरातील बाईची दुसऱ्या दिवशी पाळी असे.

परिणामांविषयीचे पुरावे मर्यादित असले, तरी एक अभ्यास महत्त्वाचा आहे. ई. सोमनाथन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उपग्रह प्रतिमांच्या आधारे केलेल्या तुलनेत पंचायतींची रुंदपर्णी वने सरकारी वनांपेक्षा वाईट नव्हती, कदाचित सरसच होती. चीड वनांत लक्षणीय फरक आढळला नाही. शासकीय व्यवस्थापनाचा दर हेक्टरी खर्च मात्र किमान सातपट होता. १९८१ पासून पहाडी भागात १,००० मीटरच्या वर हिरवी झाडे तोडण्यावर बंदी आल्याने दोन्ही वनांच्या स्थितीतील बदल केवळ व्यवस्थापनाच्या खात्यात टाकणे धोक्याचे आहे.

पंचायतींना सर्वत्र यश आलेले नाही. राखणदाराचा पगार, दंडाची वसुली आणि ओसाड पडत चाललेली गावे या त्यांच्या नेहमीच्या अडचणी आहेत. टिहरी संस्थानच्या मुलखात ही पद्धत उशिरा पोचली व त्याबाबतचे लेखनही विरळ आहे. २००१ व २००५ च्या नियमांनी वन विभागाच्या देखरेखीला अधिक वाव दिला, असा आक्षेप घेतला जातो. वनहक्क अधिनियम, २००६ खाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले. वन पंचायतीचे अधिकार त्या तुलनेत आजही मुख्यतः राज्य शासनाच्या नियमांवर अवलंबून आहेत.