फ्लाय फिशिंग सहलीचे नियोजन (अमेरिकेतील पश्चिमेकडील पर्वतीय नद्या)

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात उगम पावणाऱ्या थंड नद्यांवर कृत्रिम कीटकाने ट्राउट मासा गळाला लावण्यासाठी करायच्या प्रवासाची पूर्वतयारी. ‘फ्लाय’ म्हणजे आकड्यावर पिसे, केस आणि धागा गुंडाळून केलेली कीटकाची किंवा लहान माशाची नक्कल. कोकणात गरी टाकताना आकड्याजवळचे शिसे दोरीला ओढून नेते. इथे फ्लायला जवळपास वजनच नसते, त्यामुळे जाड, वजनदार दोर हवेत मागेपुढे खेळवून त्याच्या जोरावर ती हव्या त्या जागी उतरवावी लागते. मोंटाना, वायोमिंग, आयडाहो, कोलोरॅडो, युटा आणि न्यू मेक्सिको ही या छंदाची मुख्य राज्ये. प्रस्तुत नोंदीत भर आहे तो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या टापूवर, कारण मॅडिसन, यलोस्टोन, गॅलटिन आणि हेन्रीज फोर्क या चारही नद्या तिथे मोटारीने काही तासांच्या अंतरात येतात.

नवखा माणूस सहसा आधी नदी ठरवतो, कारण तिचे नाव ऐकलेले असते, आणि नंतर सुट्टी बघतो. क्रम उलटा हवा. तारखा पक्क्या झाल्या की त्या आठवड्यात कोणते पाणी निवळलेले आणि थंड असेल, एवढाच प्रश्न उरतो. नामांकित नदी चुकीच्या आठवड्यात गाठली तर पदरी फक्त गढूळ पाणी येते.

हंगाम आणि पाणी

या नद्यांचे वर्षभराचे पाणी हिवाळ्यात डोंगरावर बर्फाच्या रूपाने साठते. मेच्या मध्यापासून ते वितळू लागते आणि जूनअखेरपर्यंत बहुतेक नद्या फुगून गढूळ होतात. यलोस्टोनसारखी मुख्य प्रवाहावर एकही मोठे साठवण धरण नसलेली नदी जुलै उजाडल्याशिवाय सहसा निवळत नाही. बर्फ भरपूर पडलेल्या वर्षी जुलैचा मध्यही उजाडतो. मात्र बर्फ कमी पडला म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही. त्या वर्षी पाणी लवकर निवळते खरे, पण ऑगस्टपर्यंत नदी आटते आणि तापते.

अंदाज बांधण्याची दोन साधने सर्वांना मोफत उपलब्ध आहेत. डोंगरमाथ्यांवरील ‘स्नोटेल’ ही स्वयंचलित केंद्रे साठलेल्या बर्फात किती पाणी आहे ते मोजतात. एप्रिलअखेरचे त्यांचे आकडे पाहिले की उन्हाळ्याचे चित्र बरेचसे कळते. युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हेची नदीकाठची केंद्रे विसर्ग नोंदवतात. माप आपल्याकडच्या धरणांच्या बातम्यांतलेच, क्युसेक (१ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर). नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. त्या तारखेचा अनेक वर्षांचा मध्यक शेजारी ठेवावा आणि आलेखाचा कल बघावा. विसर्ग दिवसेंदिवस सावकाश उतरत असेल तर निघावे. एका रात्रीत चढला असेल तर दुसरे पाणी शोधावे.

अर्थात आकडे सगळेच सांगत नाहीत. १३ जून २०२२ रोजी वितळत्या बर्फावर जोरदार पाऊस पडून यलोस्टोन नदीला विक्रमी पूर आला. उद्यानाच्या उत्तर प्रवेशद्वाराचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि पाचही प्रवेशद्वारे काही दिवस बंद राहिली. जूनचे आरक्षण करताना ते रद्द करता येण्याजोगे असावे, हा सल्ला तेव्हापासून अधिक गांभीर्याने दिला जातो.

पाण्याखालोखाल महत्त्वाचे वेळापत्रक कीटकांचे. सर्वांत गाजलेली ‘सॅमनफ्लाय’ ही मोठी, नारिंगी पोटाची दगडमाशी. तिची अळी तीन-चार वर्षे नदीतळाच्या दगडांखाली वाढते, आणि पाणी साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसला आले की काठावर चढून कात टाकते. खालच्या अंगाचे पाणी आधी तापत असल्यामुळे ही लाट दररोज काही किलोमीटर वर सरकत जाते. हेन्रीज फोर्कच्या खालच्या भागात ती मेअखेर दिसते, बिग होल नदीवर जूनच्या मध्यास आणि मॅडिसनवर जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीस. त्या दिवसांत एरवी तळाशी दबून राहणारे मोठे मासेही काठाशी येऊन पृष्ठभागावर तोंड मारतात. पण नेमकी हीच वेळ पुराची असते, शिवाय होड्यांची रांग लागते. केवळ सॅमनफ्लायसाठी सहल आखणे हा जुगार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फिकट मेफ्लाय आणि कॅडिस हे पाणकिडे, ऑगस्टमध्ये काठच्या गवतातून वाऱ्याने पाण्यात पडणारे टोळ, आणि शरद ऋतूत ढगाळ दुपारी निघणारी ‘ब्लू-विंग्ड ऑलिव्ह’ ही चिमुकली मेफ्लाय, असा पुढचा क्रम लागतो.

नद्यांचे तीन प्रकार

बर्फ आणि पाऊस यांवर चालणाऱ्या मुक्त नद्या, धरणाखालच्या नद्या आणि झऱ्यांवर पोसलेले ओढे असे तीन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात यलोस्टोन, गॅलटिन, लामार आणि बिग होल येतात. लामारच्या काठांची माती इतकी भुसभुशीत आहे की वरच्या अंगाला वीजवादळ होऊन गेले तरी दुसऱ्या दिवशी नदी चिखलाची होते.

धरणाखालच्या नद्या हा जूनमधल्या प्रवाशाचा आधार. धरणाच्या तळाकडून सुटणारे पाणी थंड असते आणि गाळ मागे जलाशयात बसलेला असतो. मोंटानात हॉल्टर धरणाखाली क्रेग गावाजवळची मिसुरी, यलोटेल धरणाखालची बिगहॉर्न, युटात फ्लेमिंग गॉर्जखालची ग्रीन आणि न्यू मेक्सिकोत नवाहो धरणाखालची सॅन ह्वान या नद्यांवर बारमाही मासेमारी चालते. तरी धरण म्हणजे थंड पाणी असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. मॅडिसन एनिस या उथळ तलावातून बाहेर पडते ती तापूनच. तिच्या खालच्या टप्प्यावर भर उन्हाळ्यात ट्राउटसाठी जाऊच नये.

झऱ्यांच्या पाण्याचे तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखे राहते. हेन्रीज फोर्कचा उगम आयडाहोतील बिग स्प्रिंग्ज येथे आहे. तिचा हॅरिमन स्टेट पार्कमधील संथ, काचेसारखा टप्पा जगातील अवघड पाण्यांत गणला जातो. मासे मोठे आहेत, समोर दिसतात, आणि फ्लायमागे दोर किंचित जरी ओढला गेला तरी तोंड फिरवतात. पहिलीच सहल असेल तर इथे एक दिवस पुरे. लिव्हिंग्स्टनजवळच्या पॅराडाइज व्हॅलीतील आर्मस्ट्राँग, डिप्यू आणि नेल्सन हे ओढे खासगी शेतांतून वाहतात. दररोज ठरावीक जणांनाच शुल्क घेऊन सोडतात, म्हणून आरक्षण बरेच आधी करावे लागते.

उन्हाळी निर्बंध

ट्राउटला साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांपुढे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी पडू लागतो आणि गळाशी झुंजून थकलेला मासा सोडून दिला तरी मरू शकतो. म्हणून मोंटानात पाण्याचे तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला (सुमारे २२.८ अंश सेल्सिअस) पोहोचले की त्या टप्प्यावर दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते. याला तिथे ‘हूट आउल’ निर्बंध म्हणतात. कधी नदीच बंद होते. ऑगस्ट २०१६ मध्ये एका परजीवीमुळे हजारो व्हाइटफिश मेल्यावर राज्याने यलोस्टोन नदीचा सुमारे २९५ किमी लांबीचा टप्पा आणि तिच्या उपनद्या सर्व वापरासाठी बंद केल्या होत्या. ऑगस्टच्या सहलीत पहाटे पाण्यावर उतरून दुपारी मुक्कामी परतण्याची तयारी हवी, खिशात तापमापक हवा आणि उंचावरची एखादी पर्यायी नदी हेरून ठेवायला हवी. वणव्यांचा धूर हे ऑगस्टचे आणखी एक दुखणे.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत भरवशाचा ठरतो. वेस्ट यलोस्टोन गावात मुक्काम ठेवला तर उष्ण झऱ्यांच्या पाण्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निरुपयोगी झालेली फायरहोल नदी पुन्हा थंडावलेली मिळते. हेब्गेन जलाशयातील ब्राउन ट्राउट अंडी घालण्यासाठी उद्यानातील मॅडिसनमध्ये वर चढू लागलेले असतात. आणि हेन्रीज फोर्क तासाभराच्या आत आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर असल्याने सकाळी गळाच्या काठीवरील दोर ओवायच्या कड्यांत बर्फ धरतो आणि एखाद्या दिवशी हिमवर्षावही होतो. ते सोसायची तयारी हवी.

परवाने आणि हद्दी

एका दिवसात तीन हद्दी ओलांडल्या जाऊ शकतात आणि प्रत्येकीचा परवाना निराळा. यलोस्टोन उद्यानात राज्याचा परवाना चालत नाही. १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला उद्यानाचाच घ्यावा लागतो. तिथे आकड्याच्या टोकाशी उलटा काटा असता कामा नये, शिशाचे वजन वापरता येत नाही आणि नमद्याच्या तळव्यांचे बूट वर्ज्य आहेत. फायरहोलवर फक्त फ्लायनेच मासेमारी करता येते. उद्यानाचा हंगाम मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतो आणि शरद ऋतूच्या अखेरीस मिटतो. हॅरिमनमधला टप्पा १५ जूनला खुला होतो. फ्लॅटहेडसारख्या आदिवासी राखीव प्रदेशात तिथल्या जमातीचा परवाना लागतो. आणि यलोस्टोन उद्यानातील फिशिंग ब्रिज हे नाव नकाशावर पाहून गळ घेऊन धावणाऱ्यांसाठी: त्या पुलावर १९७३ पासून मासेमारीला बंदी आहे.

काठावर पाय कुठे ठेवायचा याचे कायदेही राज्यागणिक बदलतात. मोंटानाच्या १९८५ च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागेतून किंवा पुलापासून नदीत उतरलेल्या माणसाला नेहमीच्या पूररेषेच्या आत, खासगी शेतातूनही, चालत जाता येते. वायोमिंगमध्ये पाणी जनतेचे पण खासगी जमिनीतून जाणाऱ्या प्रवाहाचा तळ जमीनमालकाचा. होडी वाहू द्यावी, नांगर टाकला किंवा तळाला पाय लावला की अतिक्रमण. दोन्ही राज्ये एकाच सहलीत येत असतील तर हा फरक पाठच हवा.

मासे

या प्रदेशातला मूळचा ट्राउट म्हणजे जबड्याखाली लाल पट्टा असलेला कटथ्रोट. १८०५ मध्ये पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने तो मिसुरीच्या धबधब्यांजवळ पकडला आणि पुढे कटथ्रोटला दिलेल्या शास्त्रीय नावात क्लार्क यांचे नाव आले. रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांतून आणलेला, ब्राउन युरोपातला, ब्रुक पूर्व अमेरिकेतला. (हाच ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांतही सोडला.) मॅडिसनवरील अभ्यासात, हौदात वाढवलेले मासे सोडल्याने नदीतले रानटी मासे कमी होतात असे जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी दाखवले, आणि १९७४ पासून मोंटानाने रानटी ट्राउट टिकून असलेल्या नद्यांत मत्स्यबीज सोडणे बंद केले. आज तिथे गळाला लागतो तो नदीतच जन्मलेला मासा.

उद्यानात पकडलेला कटथ्रोट सोडून देणे सक्तीचे आहे. उलट लामार खोऱ्यात रेनबो लागला तर तो मारणे सक्तीचे, कारण तो कटथ्रोटशी संकर करून मूळ वंश बुडवतो. यलोस्टोन तलावात १९९४ मध्ये आढळलेल्या लेक ट्राउटबाबतही तोच नियम आहे. म्हणून दोन माशांतला फरक ओळखता येणे ही शोभेची विद्या नव्हे. एरवी मासा ओल्या हातांनी, पाण्यातच धरून सोडायचा असतो. ताटात मासा हवा असणाऱ्या मराठी पाहुण्याची इथे निराशाच होईल.

गाइड, साधने, धोके

मोठ्या नद्यांवर पहिला दिवस तरी परवानाधारक गाइडसोबत ड्रिफ्ट बोटीतून (प्रवाहासोबत वाहत जाणारी वल्ह्यांची होडी) काढावा. खर्च अंगावर येतो, पण होडीत दोघांना बसता येत असल्याने तो वाटून घेता येतो, आणि कोणत्या पाण्यात मासा उभा राहतो हे एका दिवसात जितके कळते तितके एकट्याने आठवड्यातही कळत नाही. बाकी दिवस पायी. गावातल्या फ्लायच्या दुकानात आधी डोकवावे, चार फ्लाय विकत घ्याव्यात आणि मगच प्रश्न विचारावेत.

साधनांवर वाजवीपेक्षा जास्त चर्चा होते. ९ फुटी, ५ वजनी गळाची काठी बहुतेक कामांना पुरते (हा आकडा काठीला जुळणाऱ्या दोराच्या वजनाचा). वारा आणि मोठ्या फ्लायसाठी ६ वजनी बरी. पाण्यातले मासे दिसण्यासाठी पोलराइज्ड चष्मा, वेडर्स (पाण्यात उतरण्यासाठीचा जलरोधक पायघोळ पोशाख) आणि त्यांवर कमरेचा पट्टा (घसरून पडल्यास पाणी आत भरण्यास तो अडसर करतो), आधाराला काठी. मॅडिसनचा तळ गोल, शेवाळलेल्या दगडांचा आहे, तिथे ही काठी गळाच्या काठीइतकीच मोलाची. वीज चमकू लागली की गळाची काठी खाली ठेवून काठावर यावे. ती ज्या ग्रॅफाइटची असते ते विद्युतवाहक आहे.

ग्रिझली अस्वलांच्या मुलखात अस्वलाला पळवून लावणारा फवारा पिशवीत नव्हे, कमरेला लटकलेला हवा. तो विमानातून नेता येत नाही. बोझमन विमानतळावर उतरल्यावर विकत किंवा भाड्याने घ्यावा. उद्यानात अस्वल आणि लांडगे यांपासून १०० यार्ड व इतर मोठ्या प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर राखणे बंधनकारक आहे. बायसन (अमेरिकेतला रानगवा) नदी ओलांडत असेल तर डोह त्याचा.

एका नदीतून दुसऱ्या नदीत जाण्यापूर्वी बूट आणि वेडर्स घासून, निथळून, पूर्ण वाळवावे लागतात. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय आणि रेनबोच्या पिलांना जडणारा ‘व्हर्लिंग’ रोग हे दोन्ही ओल्या सामानासोबत पसरतात. मॅडिसनमध्ये हा रोग १९९४ मध्ये आढळला तेव्हा तिथल्या रेनबोंची संख्या आधीच कोसळलेली होती. रोज नदी बदलायची असेल तर बुटांची दुसरी जोडी सोबत ठेवणे सोयीचे, कारण सप्टेंबरच्या थंडीत ते एका रात्रीत वाळत नाहीत.