फिलिपिनो बुफे

फिलिपिनो बुफे : फिलिपीन्समध्ये आणि परदेशांतील फिलिपिनो वस्त्यांत रूढ असलेली उपाहारगृहातील भोजनपद्धती. माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि मांडलेल्या पदार्थांतून हवे ते, हवे तितके घ्यायचे, एवढ्यापुरती ती जगातल्या कोणत्याही बुफेसारखी आहे. मनिलाच्या बोलीत तिला ‘ईट-ऑल-यू-कॅन’ म्हणतात. कारे-कारे (शेंगदाण्याच्या रश्श्यातले मांस), लेचोन (अख्खे भाजलेले डुक्कर), सिनिगांग हे आंबट सार, पान्सित (शेवया), लुम्पिया (सारण भरलेल्या गुंडाळ्या), रक्तीशी नाते सांगणारे दिनुगुआन (डुकराच्या रक्तातले कालवण), शेवटी लेचे फ्लान (अंडे-दुधाचे कस्टर्ड) आणि हालो-हालो (बर्फ घातलेले मिश्र गोड) हे पदार्थ बहुधा असतातच. लसूण घालून परतलेला किंवा साधा भात गृहीतच धरलेला असतो.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काहींच्या मते ती एतद्देशीय मेजवानीचा विस्तार होय. त्यासाठी आंतोनिओ पिगाफेत्ता या दर्यावर्दी मॅगेलनच्या सोबत्याचे १५२१ मधील वर्णन पुढे केले जाते. लिमासावा या फिलिपीन्समधील बेटावरच्या राजाने त्याला डुकराचे मांस, भात व रस्सा चिनी मातीच्या मोठ्या ताटांतून वाढला, सोबत मद्याचा रांजण होता. गुड फ्रायडे असूनही नाइलाजाने मांस खाल्ल्याची कबुली पिगाफेत्ता देतो. प्रसंग मोठा रसाळ आहे, पण तेथे यजमान वाढतो आणि पाहुणा बसून खातो; त्यात बुफेचे बीज शोधणे ओढाताणीचे ठरते.

स्पॅनिश अमदानीत रुजलेली ग्रामदेवता-संतांची जत्रा, म्हणजे फिएस्ता, हा अधिक भक्कम दुवा आहे. त्या दिवशी घराची दारे उघडी असतात. मधल्या मेजावर सगळे पदार्थ एकदम मांडलेले असतात आणि ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे लोक पाळीपाळीने येऊन जेवून जातात. तिसरे मत ‘तुरो-तुरो’ खाणावळींकडे बोट दाखवते. तेथे शिजवलेल्या पदार्थांची पातेली काचेमागे मांडतात, गिऱ्हाईक बोटाने दाखवते आणि वाढपी वाढतो. मात्र तेथे पैसे पदार्थागणिक मोजले जातात. त्यामुळे मांडणी सारखी असली तरी हिशेब निराळा आहे. सपाट दर आणि अमर्याद वाढप हे हॉटेलांकडून आले असावे, असे मानणे सयुक्तिक वाटते. अमेरिकी राजवटीत (१८९८–१९४६) मनिलात पाश्चात्त्य धर्तीची मोठी हॉटेले उभी राहू लागली. १९१२ मध्ये उघडलेले मनिला हॉटेल हे त्यांतले ठळक नाव. चौकट हॉटेलची आणि भरणा फिएस्ताचा, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल.

केळीच्या पानांवर भात व कालवणे पसरून सर्वांनी हातांनी खाण्याच्या ‘बूडल फाइट’ची गल्लत पुष्कळदा बुफेशी केली जाते. अधिकारी व शिपाई एकाच मेजावर जेवण्याची ही रीत फिलिपीन्सच्या सैन्यात रूढ झाली आणि तिचे नाव अमेरिकी लष्करी बोलीतून आल्याचे मानतात. हाताने खाण्याची (कमायन) चाल अर्थातच त्याहून कितीतरी जुनी आहे.

कारे-कारे व त्याचा वाद : बुफेतील ज्या पातेल्याभोवती गर्दी होते, त्याचा इतिहास सर्वांत गुंतागुंतीचा आहे. बैलाचे शेपूट, वजडी आणि पायाचे तुकडे मऊ होईपर्यंत शिजवतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचे वाटण व भाजलेल्या तांदळाचे पीठ लावून रस्सा दाट करतात, शेंदरीच्या बियांनी त्याला तांबूस रंग आणतात आणि वांगी, चवळीच्या लांब शेंगा, केळफूल घालतात. मीठ जवळजवळ नसते. ते काम बगोओंग, म्हणजे आंबवलेला जवळा, वेगळ्या वाटीतून करतो. बगोओंगाशिवाय कारे-कारे घेणारा पाहुणा ‘हे अळणी आहे’ असे म्हणतो, त्यात आचाऱ्याचा दोष नसतो.

लोकप्रिय समजूत अशी : १७६२ ते १७६४ या काळात ब्रिटिशांनी मनिला ताब्यात ठेवले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या फौजेतील काही शिपाई परत न जाता मनिलाजवळच्या काइन्ता भागात स्थायिक झाले आणि घरची आमटी-कालवणे मिळेल त्या जिनसांतून करू लागले, त्यातून कारे-कारे जन्मले. काइन्तात त्यांचे वंशज राहिले, ही गोष्ट सामान्यतः मान्य आहे. ‘कारे’ आणि तमिळ ‘करी’ यांतील साम्यही पुढे केले जाते. पाम्पांगा प्रांताचे लोक हा पदार्थ आपलाच मानतात. फिलिपीन्सच्या दक्षिणेकडील मुस्लिम सुलतानशाह्यांच्या स्वयंपाकातून तो आला, असेही एक मत आहे.

घटकांकडे पाहिले तर यांपैकी कोणतेच मत जसेच्या तसे टिकत नाही. शेंगदाणे व शेंदरी ही दोन्ही अमेरिका खंडातील पिके असून ती आकापुल्को (मेक्सिको)–मनिला गलबतांच्या व्यापारातून (१५६५–१८१५) आली. म्हणून पदार्थाचे आजचे रूप त्यापूर्वीचे असू शकत नाही. दुसरीकडे हळद, धणे, जिरे, मिरे यांचा त्यात पत्ता नाही, मग मद्रासी शिपायांनी नेमके काय आणले, हा प्रश्न उरतोच. दाट रश्श्याची कल्पना मलय जगातील शेंगदाण्याच्या कालवणांशीही जुळते. आधीपासूनच्या एखाद्या स्थानिक रश्श्याला अठराव्या शतकात किंवा त्यानंतर आजचे नाव व रूप मिळाले असावे, हा तर्क त्यातल्या त्यात ग्राह्य दिसतो. काइन्ताची कथा सोडवत नाही ती बहुधा सांगायला सोपी आहे म्हणून.

सावसावन (घास बुडवून खाण्याची तोंडीलावणी) : पदार्थांच्या रांगेइतकेच महत्त्व तोंडी लावण्याच्या मेजाला असते. सुका (व्हिनेगर), पातिस (मासळीचे आंबवलेले पाणी), सोया सॉस, कालामान्सी हे छोटे लिंबू, लाबुयो मिरची, बगोओंग आणि कच्च्या पपईचे आत्सारा लोणचे यांतून प्रत्येकजण आपली वाटी जमवतो. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडिस (१९३४–२००२) यांनी या प्रथेचा अर्थ असा लावला की जेवणारा येथे स्वयंपाक पूर्ण करतो आणि आचाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. बुफेच्या बाबतीत हे निरीक्षण विशेष लागू पडते, कारण शेकडो जणांसाठी शिजलेले बेताच्या चवीचे अन्न वाटीतूनच ज्याचे त्याचे होते.

रीतिरिवाज : चमचा उजव्या हातात, काटा डाव्या, काट्याने घास चमच्यात ढकलतात, सुरी क्वचितच लागते. ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही, कारण तशी हिय्या (लाज, संकोच) आड येते. बुफेत मात्र पातेले पुन्हा भरले जात असल्याने हा संकोच ओसरतो. फिएस्ताला आलेल्या पाहुण्याला निघताना अन्न बांधून देतात. बुफेत तेच निषिद्ध असते आणि ताटात टाकलेल्या अन्नाबद्दल वेगळा आकार लावण्याची पाटी अनेक ठिकाणी दिसते. ज्येष्ठ नागरिकांना कायद्याने (२०१०) मिळणारी २० टक्के सवलत बुफेतही लागू होते. ती त्यांच्या वाट्याच्या दरापुरतीच धरतात. आजी-आजोबांसह सहकुटुंब जेवायला जाण्याची चाल असल्याने बिलाच्या वेळी ओळखपत्रे गोळा करणे हा नेहमीचा कार्यक्रम असतो.

स्वस्त खाणावळींतील ‘अनलि-राइस’ (हवा तितका भात) ही याच वृत्तीची धाकटी शाखा. जून २०१७ मध्ये सिनेटर सिंथिया व्हिलार यांनी आरोग्य व तांदळाची टंचाई यांवर बोट ठेवून ती बंद करण्याचा विचार बोलून दाखवला. लोक इतके चिडले की तसा कायदा आणणार नसल्याचा खुलासा त्यांना करावा लागला.

प्रसार : मनिलाच्या सोफिटेल हॉटेलातील ‘स्पायरल’ हे २१ दालनांचे बुफे-उपाहारगृह बराच काळ या पद्धतीचा मानदंड मानले जाई, ते हॉटेल २०२४ च्या मध्यावर बंद झाले. २०११ पासून ‘वायकिंग्ज’ या साखळीने मॉलमधील मध्यमवर्गापर्यंत बुफे नेला. तेथे फिलिपिनो पदार्थ जपानी, चिनी व पाश्चात्त्य पदार्थांच्या शेजारी एक विभाग म्हणून येतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात आणि आखातात दुबईच्या करामा व सत्वा या भागांत फिलिपिनो खाणावळी दाट आहेत. करामात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या शेजारच्याच. डुकराच्या मांसाला तेथे वेगळा परवाना लागतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी लेचोनची जागा कोंबडी किंवा गोमांस घेते.