पाळीव जनावरांतील परजीवी : निदान व उपचार (खानदेश)

जनावराच्या शरीरात किंवा अंगावर राहून त्याच्या रक्तावर, ऊतींवर वा पचलेल्या अन्नावर जगणाऱ्या जीवांना परजीवी म्हणतात. पोटातले जंत, यकृतातले व कोठ्यातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या कप्प्यातले) चपटे कृमी, कातडीवरच्या गोचिड्या-उवा-पिसवा आणि रक्तातले एकपेशीय जीव असे त्यांचे ढोबळ गट पडतात. एका गटावरचे औषध दुसऱ्यावर बहुधा चालत नाही. म्हणून ‘जंताचे औषध दिले, तरी गुण नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा औषधाचा दोष नसतो. कोणता परजीवी आहे हे न पाहता औषध दिलेले असते.

प्रदेश व हंगाम. जळगाव, धुळे व नंदुरबारच्या कोरडवाहू पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. उघड्या माळावरच्या अळ्या त्या उन्हात टिकत नाहीत; तेव्हा जंत असतात ते जनावराच्या पोटात. पहिला चांगला पाऊस पडला, की शेणातल्या वा लेंड्यांतल्या अंड्यांतून अळ्या निघतात, ५ ते ७ दिवसांत संसर्गक्षम होतात आणि दवाने ओल्या गवताच्या पात्यावर चढतात. पावसाच्या तोंडावर जंतनाशक देण्याचा फायदा यातच आहे : माळ स्वच्छ असताना पोटही रिकामे होते. ओलिताच्या भागात मात्र हे गणित चुकते. पांझरेकाठचे फड (बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारी शेते), गिरणेचे कालवे, हतनूर व उकाई जलाशयांचे काठ येथे वर्षभर ओल राहते, पाणगोगलगाई जगतात आणि त्यांच्यामार्फत पसरणारे चपटे कृमी उन्हाळ्यातही सुटत नाहीत.

शेणाची तपासणी. नमुना जमिनीवरून उचलू नये. मातीतले मुक्त कृमी त्यात शिरतात आणि तपासणारा फसतो. हातमोजा घालून गुदद्वारातून १० ते २० ग्रॅम शेण किंवा मूठभर लेंड्या काढाव्यात, डबी काठोकाठ भरावी, जनावराचा बिल्ला क्रमांक लिहावा आणि बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावे. उन्हात राहिलेल्या नमुन्यात अंडी फुटून अळ्या होतात. नमुना गोठवला, तर अंडी बिघडतात.

गोलकृमींची (पोटातल्या गोल जंतांची) अंडी हलकी असल्याने तरंगवून पाहतात. एक लिटर गरम पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ, म्हणजे तळाशी थोडे न विरघळता उरेल इतके, घालून संपृक्त द्रावण करतात. २ ग्रॅम शेण २८ मिलि. द्रावणात कालवून, चहाच्या गाळणीने गाळून मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजण्याच्या दोन कप्प्यांच्या काचेच्या) दोन्ही कप्प्यांत भरतात आणि दोन-तीन मिनिटांनी मोजतात. दोन्ही कप्प्यांतील अंड्यांच्या बेरजेला ५० ने गुणले, की एका ग्रॅममधली अंडी कळतात. यकृत पर्णकृमीची, म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमीची, अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात वर येत नाहीत; त्यांच्यासाठी साध्या पाण्यात शेण कालवून, गाळून, वरचे पाणी पुनःपुन्हा ओतून तळचा गाळ पाहावा लागतो. पिवळसर सोनेरी अंडी यकृत पर्णकृमीची, फिकट रंगहीन अंडी कोठ्यातल्या कृमींची. केवळ तरंगवून पाहिलेल्या नमुन्याचा ‘अंडी नाहीत’ हा शेरा पर्णकृमीबाबत निरर्थक असतो.

शेळ्या-मेंढ्या. साक्री-शिरपूरकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यांपासून सातपुड्यातल्या पाच-सहा शेळ्यांच्या घरापर्यंत मोठा शत्रू एकच : हीमाँकस. चौथ्या कोठ्यात राहणारा हा जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलि. रक्त घेतो. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, पण ५,००० जंत असलेली शेळी रोज पाव लिटर रक्त गमावते. मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. या रोगात हगवण बहुधा नसते आणि इथेच फसगत होते : लेंड्या नीट पडतात म्हणून मालक निर्धास्त राहतो, तोवर जबड्याखाली पाणी साचते आणि चरताना शेळी मागे पडू लागते.

खालची पापणी उघडून आतला रंग पाहणे हा निदानाचा स्वस्त मार्ग आहे. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फमाचा तक्त्यात लालपासून पांढऱ्यापर्यंत १ ते ५ अंक आहेत. ४ व ५ ला औषध द्यायचेच. करडे, गाभण व दुभत्या शेळ्या यांना ३ असतानाही. पापणी उन्हात, झटकन पाहावी. ती ताणून धरली, तर निरोगी जनावराचीही फिकी दिसते. हा तक्ता गाई-म्हशींसाठी नाही, आणि पर्णकृमी वा उपासमार यांनीही पापणी पांढरी पडते हे विसरू नये.

शेळीचे यकृत औषध लवकर निकामी करते. म्हणून मेंढीला किलोमागे ५ मिग्रॅ. अल्बेंडाझोल पुरते, तिथे शेळीला १० मिग्रॅ. लागते, लेबलवरचा मेंढीचा डोस शेळीला देत राहिल्यास जंत अर्धवट मरतात आणि उरलेले औषधाला सरावतात. क्लोसँटेल या दुसऱ्या जंतनाशकाचा डोस मात्र वाढवू नये, त्याने जनावर आंधळे होते. दोन-चार आठवड्यांच्या करडांना रक्तमिश्रित हगवण असेल, तर जंतनाशकाचा उपयोग नाही. तो बहुधा कॉक्सिडिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी असतो आणि त्यावर अँप्रोलियम पाच दिवस देतात.

वासरे व पारडी. ‘आधी तपासा’ या नियमाला इथे अपवाद आहे. टॉक्सोकॅरा विट्युलोरम या गोल जंताच्या अळ्या म्हशीच्या शरीरात सुप्त असतात आणि चिकातून व दुधातून पारडाच्या पोटात जातात. शेणात अंडी साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर दिसतात. तोवर आतड्यात गुंता झालेला असतो. मातकट, घाण वासाचे शेण, फुगलेले पोट, राठ केस दिसले, की ‘दूध जास्त झाले’ म्हणून पाजणे कमी केले जाते आणि अशक्त पारडू आणखी खालावते. १० व्या ते १४ व्या दिवशी पायपेराझीन किलोमागे सुमारे २०० मिग्रॅ. द्यावे; ३० किलोच्या पारडाला ते ६ ग्रॅम होते.

गाई-म्हशी : चपटे कृमी. यकृत पर्णकृमीवर ट्रायक्लाबेंडाझोल (किलोमागे १२ मिग्रॅ.) कोवळ्या व वाढलेल्या दोन्ही अवस्थांना मारते, ऑक्सिक्लोझानाइड (१० ते १५ मिग्रॅ.) फक्त वाढलेल्यांना. आयव्हरमेक्टिनने यातले काहीच मरत नाही. कोठ्यातल्या कृमींची पिल्ले लहान आतड्यात असताना पिचकारीसारखी दुर्गंधी हगवण लागते, आणि कृमी वयात आलेले नसल्याने शेणात अंडी सापडत नाहीत. तळ्याकाठी चरणाऱ्या जनावरात असे दिसल्यास ‘नमुना निर्दोष’ या शेऱ्यावर थांबू नये. पातळ शेण पाण्यात धुऊन पाहिले, तर लालसर, तांदळाएवढे वा त्याहून लहान कृमी डोळ्यांनी दिसू शकतात.

वजन व पाजण्याची रीत. अंदाजे दिलेला डोस बहुतेक वेळा कमी पडतो. छातीचा घेर व खांद्याच्या सांध्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे किलोतले वजन. घेर ६६ व लांबी ५६ असलेली गाय सुमारे ३७० किलोची. तिला अल्बेंडाझोल ७.५ मिग्रॅ.प्रमाणे २,७७५ मिग्रॅ. लागते : अडीच टक्क्यांच्या द्रावाचे १११ मिलि. किंवा ३ ग्रॅमची एक मोठी गोळी. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळून फेनबेंडाझोल देतात.

बांबूच्या नळीतून पाजताना मान फार उंच करून जीभ ओढून धरली, तर औषध फुफ्फुसात जाते. दुसऱ्या दिवशी ताप व धाप लागली, की दोष औषधाला दिला जातो. तोंड डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर नेऊ नये, गालाच्या बाजूने थोडे थोडे ओतावे, ठसका लागताच मान सोडावी.

गोचिड्या व गोचीड ताप. दोन जाती महत्त्वाच्या. बूफिलस सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहते. हायलोमा मात्र अंगावरून उतरून धाब्याच्या जुन्या घरांच्या, खळ्यातल्या मातीच्या भिंतींच्या भेगांत लपते. जनावर धुऊन काढले आणि भिंत तशीच ठेवली, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के लिटरला २ मिलि., किंवा अमिट्राझ १२.५ टक्के लिटरला २ मिलि., केसांच्या उलट दिशेने फवारावे. मोठ्या जनावराला दोन-तीन लिटर लागते. कान, गळपट, कास आणि शेपटीखालची जागा सुटता कामा नये. आधी पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटत नाही. फवारणी सकाळी वा संध्याकाळी करावी. त्याच दिवशी भेगा चुन्याने बुजवाव्यात किंवा ज्योतीने भाजाव्यात. घोड्याला अमिट्राझ लावू नये, त्याची आतडी मंदावतात.

कपाशीच्या पट्ट्यात घरात उरलेले शेतीचे कीटकनाशक गोचिड्यांवर मारण्याची सवय आहे. ती वाईट आहे. लाळ, थरथर, पातळ शेण आणि धाप ही विषबाधेची लक्षणे. सेंद्रिय फॉस्फरस गटाचे औषध असल्यास ॲट्रोपिन लागते, म्हणून डॉक्टरांना बाटली दाखवावी. तंबाखूचे पाणीही निरुपद्रवी नाही.

गोचीड ताप रक्तातल्या एकपेशीय जीवांमुळे येतो. संकरित गाईला १०४ ते १०७ अंश ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली असेल, तर थायलेरिया; लघवी कॉफीच्या रंगाची असेल, तर बबेसिया. निश्चिती रक्ताच्या काचेने होते, आणि ती औषधापूर्वी घ्यावी लागते. कानाच्या शिरेतून थेंब घेऊन पातळ थर ओढावा, वाळवावा, मिथाइल अल्कोहोलमध्ये स्थिर करावा. उघड्यावर ठेवलेली काच माश्या चाटून साफ करतात. थायलेरियावर बुपारव्हाक्वोन किलोमागे २.५ मिग्रॅ. मानेच्या स्नायूत, बबेसियावर डिमिनाझीन ३.५ मिग्रॅ. खोल स्नायूत देतात.

सर्रा. हा रोग रक्तातल्या एकपेशीय जीवामुळे होतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा तो जीव ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे-उंटांच्या रक्तात पाहिला. डांस माश्या तो पसरवतात. दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ठिकठिकाणचे घोडे एकत्र येतात. तिथून आणलेल्या घोड्याला येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज आणि चांगले खाऊनही अंग उतरत असेल, तर ताप असतानाच रक्त तपासावे. तापाविना घेतलेल्या थेंबात जीव सापडेलच असे नाही. घोड्यांत क्विनापायरामीन वापरतात.

औषध चालले का. दहा-पंधरा जनावरांची अंडी औषधाच्या दिवशी व १४ व्या दिवशी मोजावीत. डोस बरोबर असूनही घट ९५ टक्क्यांहून कमी, समजा ८०० वरून २००, झाली, तर तो औषधांचा गट त्या कळपावर निकामी होत आहे. अशा वेळी दुसरे व्यापारी नाव नव्हे, दुसऱ्या गटाचे औषध लागते. अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल एकाच गटातली आहेत. दुभत्या जनावरासाठी लेबलवर दिलेले, औषधानंतर दूध न वापरण्याचे दिवस पाळावेत.

मेंढी एकाच बाजूला गोल फिरत राहिली, तर मेंदूतल्या फोडाचा संशय घ्यावा. तो कळपाच्या कुत्र्याच्या पट्टकृमीपासून येतो : मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्यापुढे टाकू नये, ते जाळावे वा खोल पुरावे, आणि कुत्र्याला प्राझिक्वांटेल किलोमागे ५ मिग्रॅ. ठरावीक काळाने द्यावे.